वाघाचं हाड, कोवळी शिंगं आणि आईचे सांधे

तुमचा प्रश्न: आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात) आहे, नातेवाइकांनी परदेशातून 'वाघाच्या हाडाची' पट्टी आणि हरणाच्या शिंगाच्या चिनी कॅप्सूल आणल्यात, द्याव्यात का? नको.

हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि कोलॅजन नावाचं प्रथिन. पोटात गेलं की कोलॅजनचे तुकडे होतात. ते वाघाचं की बकऱ्याचं हे आतड्याला कळत नाही. चीनने १९९३ सालीच वाघाच्या हाडाच्या व्यापारावर बंदी घातली. आपल्याकडे अशी वस्तू बाळगणंही १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि याच मागणीपायी भारतात वाघ मारले गेलेत.

शिंगाचं मात्र नीट तपासलं गेलंय. कॅनडात एल्क या मोठ्या हरणाच्या लव असलेल्या कोवळ्या शिंगांची पूड ऱ्हुमॅटॉइडच्या १६८ रुग्णांवर सहा महिने तपासली. निम्म्यांना पूड, निम्म्यांना तशीच दिसणारी नकली कॅप्सूल. दोन्ही गटांत दखल घ्यावा असा फरक पडला नाही.

'पण शेजारच्या काकूंना गुण आला' हे खरंही असेल. २००६च्या अमेरिकन चाचणीत गुडघ्याच्या झिजेचे १५८३ रुग्ण होते; त्यांतल्या नुसती नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांची वेदना किमान पाचव्या हिश्शाने कमी झाली. दुखणं चढतं-उतरतं, आणि माणूस औषध शोधतो ते चढलेलं असताना. म्हणून तुलनेचा गट नसलेल्या अनुभवावरून काहीच ठरवता येत नाही.

परंपरेतलं सगळंच फोल, असं मी म्हणत नाही. थंडर गॉड व्हाइन या चिनी वेलीचा अर्क २०१४ साली चीनमध्येच मेथोट्रेक्सेट या ऱ्हुमॅटॉइडवरच्या नेहमीच्या औषधासमोर तपासला गेला आणि कमी पडला नाही. पण त्याने पाळी बंद पडू शकते, पुरुषांत वंध्यत्व येऊ शकतं. तोही स्वतःहून घ्यायचा नाही.

खरी भीती भेसळीची. १९७५ सालीच संधिवाताच्या 'चिनी वनौषधीं'त फिनाइलब्युटाझोन आणि अमिनोपायरिन ही वेदनाशामक औषधं सापडली होती. रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. अशा गोळ्यांत स्टेरॉइडही मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत दुखणं पळालं, चेहरा सुजला, साखर किंवा रक्तदाब वाढला, तर तोच संशय धरा. आईने कॅप्सूल आधीच काही आठवडे घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका. त्यांत स्टेरॉइड असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो. डबी घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, मेथोट्रेक्सेट चालू असेल तर तेही सांगा.