किश्श्यांची वही आणि सीईटीचा फॉर्म

पत्र: "सर, मी सांगलीत बारावी सायन्सला आहे, घर मिरजेत. बाबा सतारी आणि तानपुरे बनवतात. गेली तीन वर्षं मी एका दोनशेपानी वहीत व्हिडिओ गेम कसे तयार झाले याचे किस्से लिहून ठेवतेय. गेम खेळण्यापेक्षा मला तेच जास्त आवडतं. बाबा म्हणतात, किश्श्यांनी पोट भरत नाही. पुण्यातली एक संस्था गेम डिझाइनच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाला चार लाख सांगते आणि नोकरीची शंभर टक्के हमी देते. तिकडं जाऊ, की सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाऊ? वहीच्या चार पानांचे फोटो सोबत पाठवतेय."

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. सीईटी दे. ते चार लाख आत्ता भरू नकोस. आणि वही माळ्यावर टाकू नकोस, कारण हे उत्तर मला त्या वहीतूनच मिळालं आहे.

तुझी चारही पानं मी दोनदा वाचली, मग पेन्सिल घेऊन मोजली. एकूण एकोणीस नोंदी. त्यातल्या अकरा एकाच जातीच्या आहेत: यंत्राची ताकद अपुरी पडली आणि माणसानं त्यातून वाट काढली. पाच नोंदी चित्रांच्या, तीन आवाजाच्या. कुठल्या गेमनं किती कमाई केली, याची एकही नाही. तीन वर्षं तू स्वतःचीच कल चाचणी घेत होतीस. विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात दोन तासांची छापील कल चाचणी मिळते, पण तिच्यापेक्षा या चार पानांवर माझा जास्त भरवसा आहे. चाचणीत मुलं चांगलं दिसेल ते उत्तर लिहितात. वहीत कुणी कुणासाठी लिहीत नाही.

तुझी पहिलीच नोंद घे. 1978 साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. पाच रांगांत अकरा-अकरा, असे 55 परग्रहवासी पडद्यावर सरकतात. आतला इंटेल 8080 प्रोसेसर इतका संथ होता, की 55 आकृत्या हलवताना त्याची दमछाक व्हायची. खेळणारा एकेक आकृती पाडत गेला, की प्रोसेसरचं ओझं हलकं व्हायचं आणि उरलेल्या आकृत्या जोरात धावू लागायच्या. निशिकादोंनी ते दुरुस्त केलं नाही. शेवटचा एक उरतो तेव्हा छातीत धडधडतं, ते त्या संथ यंत्रामुळे. या नोंदीखाली तू लाल पेनानं लिहिलंयस: "मी असते तर दुरुस्त करून बसले असते." हे वाचून मला फार बरं वाटलं. किस्सा वाचून स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघणारी मुलं थोडी असतात.

1985 च्या 'सुपर मारिओ'तले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळा, हेही तू टिपलं आहेस. तो अख्खा गेम 40 किलोबाइटचा आहे. तू पाठवलेला वहीचा एक-एक फोटो साधारण 3 एमबीचा आहे, म्हणजे एका फोटोच्या जागेत सत्तरहून अधिक मारिओ मावतात. जागाच नव्हती, म्हणून चित्र पुन्हा वापरावं लागलं.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'वर तू दोनच ओळी लिहिल्या आहेस. त्या गेमचं मला विशेष वाटतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. जॉर्डन मेक्नर कॉलेजातून नुकताच बाहेर पडला होता. 1985 साली त्यानं धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ घेतला. तो व्हिडिओ टीव्हीवर थांबवत थांबवत अंधाऱ्या खोलीत त्यानं पडद्याचेच फोटो काढले, त्यांवर आकृतीची बाह्यरेषा उतरवली आणि एकेक चित्र कॉम्प्युटरमध्ये चढवलं. राजपुत्र धावताना खऱ्या माणसासारखा तोल सावरतो, तो त्या भावाचा तोल आहे. या सगळ्यात चार वर्षं गेली, 1989 साली गेम आला.

मधेच एक अडचण उभी राहिली. राजपुत्राच्या हालचालींनीच ॲपल टू कॉम्प्युटरची मेमरी भरली, शत्रूला जागा उरली नाही. एक सहकारी मैत्रीण मात्र गेममध्ये लढाई हवीच म्हणून मागे लागली होती. शेवटी मेक्नरनं राजपुत्राचंच चित्र एक ठिपका सरकवून स्वतःवर 'एक्स-ऑर' केलं. जिथं दोन्ही जुळले तिथला रंग गेला, कडा तेवढ्या चमकत राहिल्या, आणि राजपुत्राची एक भुतासारखी सावली तयार झाली. नव्या चित्रांना मेमरी लागलीच नाही. बारावीच्या फिजिक्सला सेमिकंडक्टरच्या धड्यात एक्स-ऑर गेटचा तक्ता आहे, तो काढून बघ. त्या तक्त्यातूनच त्या गेमचं सर्वांत लक्षात राहणारं पात्र जन्मलं. हा धडा आता तू पाठ करणार नाहीस, समजून घेशील, असं मला वाटतं.

त्या गेमचा मूळ प्रोग्रॅम हरवला होता. 2012 साली मेक्नरच्या वडिलांना कपाटातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. आज तो प्रोग्रॅम गिटहब या प्रोग्रॅम ठेवायच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. कळायला अवघड आहे, तरी उघडून बघ.

एक नोंद मात्र खोड. तिसऱ्या पानावर लिहिलंयस, की 'सिव्हिलायझेशन' गेममधले गांधीजी अणुबॉम्ब टाकायचे, कारण त्यांच्या आक्रमकतेचा आकडा शून्याखाली जाऊन 255 व्हायचा (त्या जागेत 0 ते 255 एवढेच आकडे मावतात, खाली गेलं की उलट फिरून टोकाला पोचतात). गोष्ट फार फिरली आहे आणि पटतेही, कारण असं खरोखर घडू शकतं. 'पॅक-मॅन'मध्ये 256 व्या पातळीला आकडा मावेनासा होतो आणि अर्धा पडदा कचऱ्यानं भरतो, ते खरं आहे. पण गांधीजींच्या बाबतीत मूळ गेममध्ये असा दोष नव्हता, हे बनवणाऱ्या सिड मायर यांनीच 2020 साली आत्मचरित्रात सांगितलं. इथून पुढं प्रत्येक नोंदीशेजारी लिही, की हे बनवणाऱ्यानं स्वतः सांगितलंय की कुणाकडून तरी ऐकलंय. गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधली भाषणं यूट्यूबवर फुकट आहेत. 2011 साली तिथं पॅक-मॅनचे तोरू इवातानी बोलले, मेक्नरही बोलला. तिथून सुरुवात कर.

आता पुढचा रस्ता. अकरा नोंदी यंत्राच्या असलेल्या मुलीनं प्रोग्रॅमिंगचा पाया पक्का करावा. पीसीएम घेऊन सीईटी दे. सांगलीचं वालचंद किंवा कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं तर घराजवळ, बेताच्या खर्चात कॉम्प्युटर किंवा आयटी होईल. पदवीनंतर मन गेममध्येच राहिलं, तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. चित्रांच्या पाच नोंदी मी विसरलेलो नाही. आयआयटी मुंबईच्या बी. डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड परीक्षा असते, ती कुठल्याही शाखेच्या मुलांना चालते आणि तिच्यात हातानं चित्र काढण्याचाही भाग असतो. तिचा अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतो. बारावीनंतरच्या वर्षीही ती देता येते, तेव्हा एकदा देऊन बघ.

डिप्लोमाबद्दल मी कडक बोलतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेचं माहितीपत्रक बघून मी एका मुलाला "जा" म्हणालो होतो. घरच्यांनी कर्ज काढलं. हमीची नोकरी मिळाली ती त्याच संस्थेत, नव्या मुलांना प्रवेशासाठी फोन करायची. त्याची आई परत येऊन माझ्यासमोर काही न बोलता बसली होती, ते मी विसरू शकत नाही. सगळ्या संस्था तशा नसतात. पण जाशील तिथं मागच्या बॅचनं केलेले गेम मोबाइलवर खेळायला माग, शिकवणाऱ्यांनी स्वतः बाजारात आणलेला गेम कोणता ते विचार, आणि हमी पावतीवर लिहून माग. फोनवरच्या शब्दावर पैसे भरू नयेत.

धंदा कसा आहे तेही स्पष्ट सांगतो. 'राजी' हा 2020 साली गाजलेला गेम पुण्यातल्या छोट्या चमूनं केला. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसूनही त्यांनी तो पुरा केला. त्याच वर्षी प्रिन्स ऑफ पर्शियाच्या एका जुन्या भागाची नवी आवृत्ती यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंत होत असल्याचं जाहीर झालं, आणि 2022 साली ते काम मॉन्ट्रिअलला गेलं. 2023 आणि 2024 मध्ये जगभर या क्षेत्रातल्या हजारो नोकऱ्या गेल्या. कामं येतात तशी जातातही. हातात इंजिनिअरिंगची पदवी असावी, असं मी म्हणतो ते यासाठी.

हा एवढा भाग बाबांना वाचून दाखव. दादा, नमस्कार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 साली संसदेनं कायदा करून बंदी आणली. मुलगी म्हणते ते काम निराळं आहे, त्यात माणूस वस्तू घडवतो. तार खुलून वाजावी म्हणून तुम्ही जवारी काढता तेव्हा तारेखालच्या घोडीवर कानस जराशी फिरवता, तार छेडता, ऐकता, पुन्हा फिरवता. 'सेलेस्ट' नावाच्या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका वेळ उडी मारता येते. खेळणाऱ्याला ते कळतही नाही, त्याला फक्त खेळ हाताला चांगला लागतो. तो काळ किती ठेवायचा, हे कुणीतरी असंच पुन्हा पुन्हा करून ठरवलेलं असतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच कानांमुळे. हा कान लेकीकडे आला असेल, तर तिला घरीच एक मोठं शिक्षण मिळालं आहे.

आता तुझं काम. सीईटी होईपर्यंत वहीला हात लावू नकोस. परीक्षा झाली, की गोडो हे गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घे आणि स्पेस इन्व्हेडर्स स्वतः बनव. तेच 55, त्याच पाच रांगा. आजच्या लॅपटॉपला 55 आकृत्या काहीच नाहीत; त्यामुळे शेवटचा एक उरेल तेव्हाही तो पहिल्याइतकाच संथ चालेल आणि खेळ मेलेला वाटेल. निशिकादोंना यंत्रानं आयता दिलेला वेग तुला हातानं घालावा लागेल: किती उरले की किती वाढवायचा. दोन-चार दिवस त्यातच जातील. आवाजासाठी बाबांच्या कारखान्यातली तार मोबाइलवर रेकॉर्ड कर.

जमला, की लॅपटॉप बाबांच्या हाती दे आणि शेजारी गप्प बस. काही सांगू नकोस, बोटही दाखवू नकोस. ते कुठं थांबतात, काय चुकीचं दाबतात, कधी पुढं सरकून बसतात, ते वहीच्या नव्या पानावर लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव.