पाव दिवस कुणी मोजला?

प्रश्न : वर्ष ३६५ दिवसांचं आणि वर पाव दिवस, हे आपण शाळेत शिकलो. पण घड्याळ नाही, दुर्बीण नाही, अशा काळात लोकांनी हा पाव दिवस मोजला कसा? सातवीतल्या नातीने विचारलं. मी म्हटलं, पंचांगात असतं. तिला पटलं नाही.
— एक आजोबा, पुणे ३०

उत्तर : नात हुशार आहे. पंचांगवाल्यांनाही आकडा कुठून तरी आणावाच लागतो!

दुर्बिणीचं इथे कामच नाही. मी कोथरूडला राहतो. आमच्या गच्चीवरून नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पर्वतीच्या आसपास उगवतो. मग रोज थोडा थोडा उजवीकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला मागे फिरतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा पर्वतीशी येतो. त्या दोन दिवसांचा मध्य काढा, उत्तरायण सुरू झाल्याचा दिवस मिळाला. नेमका वळण्याचा दिवसच टिपायला जाल तर फसाल, कारण तेव्हा आठवडाभर सूर्य हललेला डोळ्याला कळतच नाही.

दुसरं साधन शंकू, म्हणजे जमिनीत सरळ रोवलेली काठी. भर दुपारी तिची सावली मोजायची. पुस्तकांत लिहिलेलं असतं की सगळ्यात आखूड सावली २१ जूनला. ते दिल्लीला ठीक. पुण्यात सूर्य मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस असा दोनदा बरोबर डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते आणि २१ जूनला ती चक्क दक्षिणेला पडते. म्हणून पुणेकराने डिसेंबरची सगळ्यात लांब सावली धरावी. मीटरभर काठीची साधारण ९० सेंटिमीटर भरते.

एका वळणापासून पुढच्या वर्षीच्या वळणापर्यंत दिवस मोजले की ३६५ निघतात. पाव नाही निघत, कारण वळण्याचा दिवस ठरवण्यातच एखाद्या दिवसाची चूक सहज होते. मग करायचं काय? एक वर्ष मोजायचंच नाही, पुष्कळ वर्षं एकदम मोजायची. हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने हेच केलं. त्याच्या आधीच्या अरिस्टार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाने इ.स.पू. २८० मध्ये नोंदवलेला उन्हाळ्यातला अयनदिन, म्हणजे सूर्य वळण्याचा दिवस, त्याने घेतला, इ.स.पू. १३५ चा स्वतः पाहिलेला घेतला आणि मधले दिवस १४५ वर्षांत वाटले. दिवसभराची चूक झाली असती तरी एका वर्षाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली असती. त्याचं उत्तर ३६५ पूर्णांक एक चतुर्थांशातून दिवसाचा तीनशेवा भाग वजा, असं आलं. खऱ्यापेक्षा सहा-सात मिनिटं जास्त, बस्स! श्रेय मी अर्ध्याहून अधिक जुनी नोंद जपणाऱ्यांना देईन.

इजिप्तचं वर्ष सरळ ३६५ दिवसांचं होतं. पहाटे व्याधाचा तारा पहिल्यांदा दिसण्याचा दिवस त्यांच्या दिनदर्शिकेत दर चार वर्षांनी एक दिवस पुढे जाई. म्हणजे पाव दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. इ.स.पू. २३८ मध्ये चार वर्षांनी एक दिवस वाढवण्याचा आदेशही निघाला, पण तो रुजला नाही.

आपल्याकडे वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात पाच वर्षांचं युग १८३० दिवसांचं, म्हणजे वर्ष ३६६ चं. पुढे सूर्यसिद्धान्त या ज्योतिषग्रंथात ते ३६५ दिवस ६ तास साडेबारा मिनिटांवर आलं. हे वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं, ऋतूंच्या नव्हे. ऋतूंचं वर्ष ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं. दर वर्षी चोविसेक मिनिटांचा फरक, साठ वर्षांत एक दिवस. संक्रांत ताऱ्यांच्या वर्षाने ठरते, म्हणून सूर्य डिसेंबरात वळतो आणि तिळगूळ आपण १४-१५ जानेवारीला वाटतो.

नातीला काठी रोवायची असेल तर दिवाळीनंतर गच्चीवर रोवू द्या. जूनमध्ये सुरुवात केलीत तर ढगच मोजाल.