टेस्ट म्हणजे कसोटी की चाचणी? आणि मग असेसमेंट म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे: एका मुलाच्या मानसशास्त्रीय अहवालाचं मराठी करताना एकाच वाक्यात टेस्ट आणि असेसमेंट असे दोन्ही शब्द आले. दोन्हींना 'चाचणी' लिहिलं तर वाक्य होतं, 'चाचणी हा चाचणीचा केवळ एक भाग असतो.' मग काय लिहावं? शिवाय पुस्तकांत कुठे कसोटी, कुठे चाचणी, कुठे परीक्षण दिसतं; त्यातलं बरोबर कोणतं?

कसोटीपासून सुरुवात करतो, कारण या शब्दावर माझा जीव आहे. संस्कृतातली 'कषपट्टिका' प्राकृतातून घासत घासत मराठीत कसोटी झाली. कष् म्हणजे घासणे, आणि कषपट्टिका म्हणजे ज्यावर सोनं घासून पाहतात तो काळा दगड. 'कस लागणे' याच घराण्यातलं. गंमत म्हणजे इंग्रजीतला टेस्टही सोनाराकडूनच आला आहे. लॅटिनमधल्या 'टेस्टम' या मातीच्या भांड्यावरून तो शब्द निघाला, आणि पूर्वी मौल्यवान धातूंची शुद्धता ज्या भांड्यात तपासत त्यालाच टेस्ट म्हणत. म्हणजे कुळ पाहिलं तर टेस्टला कसोटीइतका जवळचा शब्द नाही.

हे साम्य नुसतं व्युत्पत्तीपुरतंही नाही. दगडावर एकच रेघ ओढून सोन्याचा कस नीट कळत नाही. ज्याचा कस आधीच माहीत आहे अशा सोन्याची रेघ शेजारी ओढून ताडून पाहावं लागतं. मानसशास्त्रीय कसोटीचंही हेच आहे. मुलाने चाळीसपैकी सत्तावीस प्रश्न सोडवले, यावरून काहीच ठरत नाही. त्याच वयाच्या मोठ्या गटाला तीच कसोटी त्याच सूचना आणि तेवढाच वेळ देऊन सोडवायला लावलेली असते. त्या गटाचे आकडे म्हणजे शेजारची रेघ. त्यांना मराठीत प्रमाणके किंवा मानके म्हणतात.

तरीही तुमच्या अहवालात मी 'चाचणी'च लिहीन. बोलीत कसोटीला अग्निपरीक्षेचा वास लागला आहे: 'कसोटीचा काळ', 'कसोटीला उतरणे'. पाच दिवस दमवणाऱ्या क्रिकेटच्या सामन्यालाही आपण कसोटीच म्हणतो. आधीच धास्तावलेल्या पालकांना आणखी कशाला घाबरवा? 'परीक्षा' तर नकोच, कारण तिच्यामागोमाग पास-नापास येतं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ हेर्मान रोर्शाक यांनी १९२१ साली शाईच्या दहा डागांची जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात कोण पास होणार आणि कोण नापास? व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत तर जिथे शक्य तिथे 'प्रश्नावली' किंवा 'सूची' हेच शब्द वापरावेत. ते अधिक प्रामाणिक आहेत.

आता असेसमेंट. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली 'शेजारी बसणे' ही क्रिया आहे. न्यायाधीशाशेजारी बसून त्याला मदत करणारा, पुढे कर किती तो ठरवणारा, असा त्याचा प्रवास झाला. मानसशास्त्रात तो त्या मूळ चित्राजवळ परत गेल्यासारखा वाटतो. मुलाखत, निरीक्षण, घरचा आणि शाळेचा पूर्वेतिहास, दोन-चार चाचण्या, हे सगळं समोर मांडून एक प्रशिक्षित माणूस अर्थ लावतो. चाचणीचे गुण यंत्रही काढून देईल. ते गुण या मुलाच्या बाबतीत काय सांगतात, हे मात्र कुणीतरी बसून ठरवावं लागतं.

मराठीत यासाठी मूल्यमापन, मूल्यांकन आणि मूल्यनिर्धारण असे तीन शब्द फिरतात, आणि तिन्हींत ते 'मूल्य' मला खटकतं. माणसाची किंमत करायची नसते, त्याला समजून घ्यायचं असतं. त्यातल्या त्यात मूल्यनिर्धारण बरा, कारण त्यात निदान निर्धारण, म्हणजे ठरवणं, आहे. शिवाय मूल्यमापन हा शब्द इव्हॅल्युएशनसाठी आधीच गुंतलेला आहे. माझ्या मनातला शब्द 'पारख'. ती 'परीक्षा'चीच तद्भव लेक, पण आईचा धाक तिच्यात उरलेला नाही. नजर तेवढी उरली आहे. अहवालाच्या शीर्षकात ती शोभणार नाही, हे मान्य. तुमचं वाक्य असं करता येईल: 'चाचणी हा मूल्यनिर्धारणाचा केवळ एक भाग असतो.'

त्याच अहवालात पुढे आणखी काही शब्द अडतील, म्हणून आत्ताच सांगतो.

'प्रमाणित' आणि 'प्रमाणीकृत' यांची गल्लत करू नका. प्रमाणित म्हणजे कुणीतरी शिक्का मारून खरं म्हटलेलं. स्टँडर्डाइज्ड चाचणी प्रमाणीकृत असते: देण्याची पद्धत, गुण मोजण्याची रीत आणि प्रमाणके पक्की ठरलेली.

व्हॅलिडिटीला काही जण 'वैधता' म्हणतात. वैध म्हणजे विधीला, कायद्याला धरून. इथे कायद्याचा प्रश्नच नाही; जे मोजायचं म्हटलं तेच मोजलं जातंय का, एवढाच सवाल आहे. म्हणून पुस्तकांतले 'सप्रमाणता' आणि 'यथार्थता' हे शब्द चांगले. मी यथार्थता निवडीन. उलट रिलायबिलिटीची 'विश्वसनीयता' आता इतकी रुळली आहे की बदलायला नको, पण तिचा अर्थ इथे 'खरेपणा' नसून 'सातत्य' आहे, हे लक्षात असू द्या. डोक्याचा घेर टेपने मोजा. आज आणि महिन्याने जवळजवळ तोच आकडा येईल. विश्वसनीयता उत्तम. पण त्याला बुद्धीचं माप म्हणाल तर यथार्थता गेली. हा विनोद नाही. 'मेंटल टेस्ट' हा शब्दप्रयोग १८९० साली रूढ करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅककीन कॅटेल पकडीचा जोर, प्रतिक्रियेचा वेग असली मापं घेत. त्यांचेच विद्यार्थी क्लार्क विस्लर यांनी १९०१ मध्ये पडताळून पाहिलं, तेव्हा त्या मापांचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासातल्या गुणांशी जवळजवळ काहीच संबंध निघाला नाही.

'शततमक' दिसला की टक्के समजू नका. ८० वा शततमक म्हणजे गटातल्या साधारण ८० टक्के मुलांपेक्षा वरचा गुण. ८० टक्के प्रश्न सुटले असं नव्हे.

राहिला आयक्यू. 'बुद्धिगुणांक' हा शब्द पाठ्यपुस्तकी असला तरी मी टाळतो. मराठीत गुण म्हणजे मार्क, त्यामुळे १०० हा आकडा वाचून लोकांना शंभरपैकी शंभर मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर तो मुळात भागाकार. फ्रान्समधल्या बिने-सिमोन यांच्या बुद्धिमापन चाचणीतलं मानसिक वय, म्हणजे मूल साधारण किती वर्षांच्या मुलाइतके प्रश्न सोडवतं ते, घेऊन त्याला खऱ्या वयाने भागायची कल्पना १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टेर्न यांनी मांडली, आणि पुढे १०० ने गुणायची पद्धत पडली. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा, तर १२५. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या १९३९ च्या बुद्धिमापन चाचणीपासून हा भागाकारही मागे पडत गेला. आता वयोगटाची सरासरी १०० धरतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, बहुधा १५. म्हणजे १०० हा अव्वल नंबर नाही, तो मधला आहे. त्यामुळे नुसता 'अंक' असलेला 'बुद्ध्यांक' अधिक बरा.

फक्त संधीचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांनी तो शब्द पाहू नये. अति + अंत = अत्यंत, तसं बुद्धि + अंक = 'बुद्ध्यंक' व्हायला हवं होतं. गुणांक, निर्देशांक यांच्या पंगतीत बसून त्याने मधला काना उचलला, आणि आता तो परत मागायला कुणी जाणार नाही.