फोन आधी, बॅकअप नंतर

वाचक विचारतात : कार्यालयातलं नेटवर्क

प्रश्न : दवा बाजारात आमचा औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. महू, धार, देवासचे केमिस्ट दिवसभर फोनवर ऑर्डरी देतात आणि आमचे फोन आता इंटरनेटवरूनच चालतात. दुपारी चारनंतर पंचाईत होते. त्यांचं बोलणं आम्हाला नीट येतं, पण आम्ही ऑर्डर परत वाचून दाखवतो ती त्यांना अर्धवटच ऐकू जाते. मिलिग्रॅमचा आकडा चुकला तर, ही धास्ती कायम असते. १०० एमबीपीएसचं कनेक्शन २०० चं केलं, फरक काही नाही. आता एक जण ‘क्यूओएसवाला’, म्हणजे फोनला प्राधान्य देणारा, महागडा राउटर घ्या म्हणतो. घ्यावा का? चार वाजता टॅलीचा बॅकअप क्लाउडवर जातो आणि सासरे घरून दुकानाचे कॅमेरे बघतात, त्याचा काही संबंध असेल का? सोबत बिलाची प्रत जोडली आहे. — एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, राउटर लगेच घेऊ नका. बॅकअप आणि कॅमेऱ्यांबद्दलचा तुमचा शेवटचा प्रश्नच खरं निदान आहे. त्यांचा आवाज तुम्हाला येतो, तुमचा त्यांना जात नाही, म्हणजे अडथळा बाहेर जाणाऱ्या दिशेला आहे. बिल पाहिलं. डाउनलोड १०० चा २०० झाला, अपलोड आधीही २० होता, आजही २०च आहे. तुमचा आवाज, बॅकअप आणि कॅमेऱ्यांचं चित्र, तिन्ही त्या २० मधूनच बाहेर पडतात.

खरं तर आवाजाला फार कमी जागा लागते. आवाज इंटरनेटवरून पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलची सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, जातात, एकेक साधारण २०० बाइटचं. म्हणजे ८० ते ९० केबीपीएस (हजार केबीपीएसचा एक एमबीपीएस). सहा जण एकदम बोलले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आसपास. मग २० मध्ये ते मावत का नाही? मावतं, पण रांगेत अडकतं. तुमच्याच काउंटरवर एक इंजेक्शन घ्यायला आलेला माणूस वीस खोक्यांची ऑर्डर मोजून घेणाऱ्याच्या मागे उभा राहतो, तसं ते छोटं पॅकेट बॅकअपच्या १५०० बाइटच्या पॅकेटांमागे थांबतं. मोडेममध्ये २ मेगाबाइट माल साठला, तर २० एमबीपीएसने तो बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ शिफारशीनुसार बोलणं सहज चालायला एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा.

उशिरा आलेल्या पॅकेटाचं काय होतं, तेही सांगते. बॅकअपचं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा पाठवता येतं, फाइल शेवटी पूर्ण होते. आवाजाला ती सवलत नाही. पलीकडचा फोन क्षणभर वाट बघतो आणि उशिरा आलेला तुकडा टाकून देतो. म्हणूनच ‘पाचशे’मधला ‘पाच’ गळतो.

आज चार वाजायच्या आधी एवढं करून बघा. एका संगणकावरून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, सतत पिंग चालू ठेवा; पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. आकडा दहा-वीस मिलिसेकंद असेल. मग बॅकअप हाताने सुरू करा. आकडा काहीशेवर गेला आणि बॅकअप थांबवताच खाली आला, तर रोग सापडला. ही तपासणी फुकट आहे, आणि ती झाल्याशिवाय कुणालाही एक रुपया देऊ नका.

उपायही आधी फुकटचा. बॅकअप रात्री अकराला लावा. सासऱ्यांच्या मोबाइलवर कॅमेऱ्यांचा ‘सबस्ट्रीम’, म्हणजे कमी बारकाव्याचं हलकं चित्र, निवडा. एका साध्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह सहज ४ एमबीपीएस घेऊ शकतो, सबस्ट्रीमला त्याच्या अंशाएवढंच पुरतं. बऱ्याच दुकानांचं दुखणं इथेच थांबतं.

तरीही दिवसा मोठी फाइल जाणारच. तेव्हा क्यूओएस, म्हणजे कोणती पॅकेटं आधी सोडायची याचा नियम, कामाला येतो. इथे एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : नियम तिथेच चालतो जिथे रांग लागते. रांग मोडेममध्ये लागत असेल तर तुमच्या राउटरातली प्राधान्याची यादी वाया जाते, कारण तिथे कुणी थांबतच नाही. म्हणून राउटरला सांगायचं, अपलोड १७-१८ च्या वर जाऊ देऊ नको. मग रांग तुमच्या राउटरमध्ये येते आणि पहिला कोण हे तुम्ही ठरवता. दोन-तीन एमबीपीएस सोडायला लोकांचा जीव होत नाही. पण जुळणीत मी आग्रह धरते तो याच एका गोष्टीचा.

मग खुणा, म्हणजे कोणतं पॅकेट आवाजाचं हे राउटरला कळावं म्हणून त्यावर लावलेला आकडा. आयपी पॅकेटाच्या शीर्षात सेवेच्या प्रकारासाठी एक बाइट १९८१ च्या मानकापासून आहे. १९९८ मध्ये त्यातल्या ६ बिटांना डीएससीपी हे नाव आणि नवा अर्थ मिळाला, त्यातून ६४ खुणा होतात. आवाजासाठी रूढ खूण ४६. कार्यालयातले बरेच आयपी फोन ती स्वतःच लावतात. तुमच्या स्विचने आणि राउटरने ती मानली पाहिजे, तेवढं जुळणीवाल्याकडून तपासून घ्या. फोनच्या रांगेलाही मर्यादा ठेवा, अपलोडच्या साधारण एक तृतीयांश, नाहीतर बिघडलेला एखादा फोन बाकी सगळ्यांना उपाशी ठेवेल.

शिवाय हल्लीच्या बऱ्याच राउटरांत ‘एफक्यू-कोडेल’ हा पर्याय असतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या कोडेल कल्पनेवर तो उभा आहे : रांग किती लांब यापेक्षा पॅकेट किती वेळ ताटकळलं हे बघायचं. लहान दुकानाला पुष्कळदा वेगाची मर्यादा आणि हा पर्याय एवढंच पुरतं. मायक्रोटिक कंपनीच्या राउटर-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत तो आहे, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरांसाठीच्या मुक्त प्रणालीतही आहे. तुमच्या आताच्या राउटरात असेल तर खर्च शून्य.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि तो तंत्राचा नाही. गीता भवनाकडच्या एका तपासणी-केंद्रात मी गेले, तिथे मालकांचा लॅपटॉप, हिशोब, कॅमेरे, फोन, सगळं ‘अतिमहत्त्वाचं’ म्हणून लावलेलं होतं. सगळेच पहिले, म्हणून कुणीच पहिलं नव्हतं. तुमच्याकडे पहिला फोन, दुसरं बिलिंग, बाकी कार्यालयीन काम तिसरं, बॅकअप आणि कॅमेरे शेवटी. कॅमेरे शेवटी हे सासऱ्यांशी बोलूनच ठरवा. जुळणीवाल्याने परस्पर ठरवायची ही गोष्ट नव्हे.

प्रश्न : कंपनीला जादा पैसे दिले तर आमच्या कॉलना थेट इंटरनेटवरच प्राधान्य मिळेल का? — एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : साध्या ब्रॉडबँडवर नाही. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. त्यानुसार सेवादात्याने मजकूर बघून भेदभाव करायचा नाही, थोडे अपवाद सोडून. तुम्ही आपल्या कार्यालयात लावलेली ४६ ची खूणसुद्धा सेवादात्याच्या सीमेवर सहसा पुसली जाते किंवा दुर्लक्षित राहते. स्वतःच्या दोन शाखांमध्ये एमपीएलएस, म्हणजे सेवादात्याच्या जाळ्यातली खासगी जोडणी, घेतलीत तर गोष्ट वेगळी. तिथे आवाजाचा वर्ग किती एमबीपीएसचा, हे करारात लिहून घेता येतं आणि ते पाळलं जातं. लिहून घ्या, तोंडी नको. आपल्या राउटरमध्ये आपलीच पॅकेटं मागेपुढे करायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : भंवरकुआंला शिकवणी आहे. ऑनलाइन वर्गाचं चित्र गोठतं. वाय-फायमध्ये क्यूओएस लावला, तरी तसंच. — एक शिक्षक

उत्तर : सर, वाय-फायमध्ये डब्ल्यूएमएम नावाची सोय असते. आवाज, चित्र, साधं आणि मागचं काम असे तिच्यात चार वर्ग आहेत. ती चालू ठेवा. पण तुमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर क्लास आणि हॉस्टेलं, आणि २.४ गीगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. तिथे शेजाऱ्याचा राउटर तुमचं प्राधान्य ऐकत नाही. ज्या संगणकावरून शिकवता त्याला केबल जोडा, विद्यार्थ्यांचे मोबाइल ५ गीगाहर्ट्‌झवर न्या. केबल भिंतीतून ओढायला दोन तास लागतील, पण वर्ग त्याच संध्याकाळी नीट चालेल.