शहराचं स्वतःचं अग्निशमन दल: स्थापन कोण करतं, चालवतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहर लहान आहे, आग लागली की शेजारच्या शहराचा बंब येतो आणि आता स्वतःचं दल काढायचं घाटतंय. तर ते कायद्याने उभं कसं राहतं आणि पुढे कोणाच्या हाताखाली चालतं? या खात्याच्या प्रशासकीय बाजूला मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडी कोणती, टाकी किती लिटरची हे बाजूला ठेवतो. त्याचा नंबर सगळ्यात शेवटी, पण बहुतेक सभांमध्ये चर्चा तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते.

आधी अधिकाराचं बघू. आग विझवायला कुणीही धावू शकतो. पण दुसऱ्याच्या घराचं कुलूप तोडणं, आग पसरू नये म्हणून शेजारची शेड पाडणं, रस्ता अडवणं, खासगी विहिरीत पंप टाकणं यासाठी कायद्याचं पाठबळ लागतं. सद्हेतूने केलेल्या कामात नुकसान झालं तर जवानावर दावा लागू नये, हे कलमही लागतं. हे अधिकार गावच्या ठरावातून मिळत नाहीत, वरच्या कायद्यातून येतात. म्हणून पहिलं काम म्हणजे तो कायदा काढून वाचणं, आणि त्यात दल ठेवायची मुभा आहे की सक्ती ते पाहणं. मुभा असेल तर पुढच्या एखाद्या तंगीच्या वर्षी ठराव करून दल बंदही होऊ शकतं.

भारतात ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत, त्यांतला सातवा अग्निशमन सेवा. पण यादीत नाव आलं म्हणून काम आपोआप नगरपालिकेकडे येत नाही. राज्य आपल्या कायद्याने जेवढं सोपवेल तेवढंच. म्हणून काही राज्यांत दल थेट राज्य सरकारचं आहे, तर महाराष्ट्रात ते प्रामुख्याने महापालिका आणि नगरपरिषदांचं. महाराष्ट्राचा २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम त्यावर राज्याचा संचालक बसवतो, पण जवानाचा पगार आणि गाडीचं डिझेल स्थानिक तिजोरीतून. तांत्रिक बाबतीत शब्द एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा, ही ओढाताण या रचनेत मुळातच आहे.

आता ठराव. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव इथे आहे, आणि याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचं. तिथल्या कायद्याच्या ४८व्या प्रकरणात लहान शहरांसमोर दोन स्वतंत्र कलमं ठेवलेली आहेत आणि शहर त्यांतलं एक मतदानाने स्वीकारतं. कलम ४२ घेतलं तर दलप्रमुखाला प्रशासनाचे पूर्ण अधिकार मिळतात: नियम तो करतो, माणसं तो नेमतो, पगार तो ठरवतो, फक्त पगाराला निवडून आलेल्या मंडळाची मंजुरी लागते. त्याची नेमणूक ते मंडळ करतं, पण काढायचं तर कारण द्यावं लागतं आणि सुनावणी घ्यावी लागते. कलम ४२अ घेतलं तर दल मंडळाच्या हाताखाली येतं, नियम मंडळ करतं आणि प्रमुख ते राबवतो. तिथले लोक यांना सरळ ‘स्ट्राँग चीफ’ आणि ‘वीक चीफ’ म्हणतात. दोन्ही प्रकारची शहरं तिथे आहेत आणि दोन्हीकडे आगी विझतात. फरक दिसतो तो भांडण झाल्यावर: बढती कोणाची, रजा कोणी नाकारायची, नव्या केंद्राची जागा कोणी निवडायची. ‘वीक’ पद्धतीत ही प्रत्येक गोष्ट सभेत येते. ‘स्ट्राँग’ पद्धतीत प्रमुखाच्या टेबलावर संपते, आणि प्रमुख वाईट निघाला तर त्याला हलवणं जिकिरीचं होतं.

माझं मत विचाराल तर लहान शहराने ‘स्ट्राँग’ पद्धतीकडे झुकावं, मात्र पैशाचा लगाम सभेकडे ठेवून. मॅसॅच्युसेट्समध्येही खर्चावर शहर वेळोवेळी जादा मर्यादा घालू शकतं. एक गोष्ट मात्र कोणत्याही पद्धतीत वादातीत ठेवा: घटनास्थळी हुकूम दलाच्या अधिकाऱ्याचाच. आग लागली की सभापती, आमदार, पोलीस अधिकारी सगळे जमतात आणि प्रत्येक जण ‘आधी इकडे पाणी मारा’ म्हणतो. ठरावात आणि नियमावलीत हे एका वाक्यात लिहिलेलं असेल तर कनिष्ठ अधिकाऱ्यालाही नाही म्हणता येतं. लिहिलेलं नसेल तर त्याला दुसऱ्या दिवशीच्या बदलीची भीती असते.

नगरपालिकेने दल चालवणं हा एकच मार्ग आहे असं समजू नका. पॅरिसचं दल लष्कराचा भाग आहे आणि पोलीस प्रीफेक्टच्या, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाच्या, अखत्यारीत काम करतं. १८१० साली ऑस्ट्रियन राजदूताच्या नृत्यसमारंभात आग लागली, त्यानंतर नेपोलियनने १८११मध्ये ते लष्करी केलं. फ्रान्सच्याच मार्से शहरात तर हे काम नौदलाकडे आहे. लंडनमध्ये १८३३ साली विमा कंपन्यांनी आपापली पथकं एकत्र करून एक दल केलं आणि जेम्स ब्रेडवुड यांना प्रमुख नेमलं. १८६१च्या टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून ब्रेडवुड गेले, विमा कंपन्यांचं नुकसान इतकं झालं की हा भार आम्हाला पेलणार नाही असं त्यांनी सरकारला कळवलं, आणि १८६५च्या कायद्याने ते काम सार्वजनिक झालं. नफ्यावर चालणारी संस्था आपल्या विमाधारकाच्या मालमत्तेकडे आधी बघते. बाकीच्यांचे जीव वाचवणं तिच्या हिशेबात बसत नाही. आजही कुणी खासगी कंत्राटाची गोष्ट काढली तर हा इतिहास पुढे ठेवा.

लहान शहराला परवडणारा मार्ग बहुतेकदा स्वयंसेवकांचा. जर्मनीत दल ठेवणं ही गावाची जबाबदारी आहे, पण मोठी शहरं सोडली तर माणसं स्वयंसेवक. बव्हेरियात तर स्वयंसेवक आपला प्रमुख सहा वर्षांसाठी स्वतः निवडतात आणि गाव त्या निवडीला मान्यता देतं. अमेरिकेत काही ठिकाणी स्वयंसेवकांची स्वतंत्र संस्था असते आणि शहर तिच्याशी करार करतं. काही ठिकाणी ‘फायर डिस्ट्रिक्ट’ म्हणजे फक्त आगीसाठी कर घेणारी, स्वतःचे निवडून आलेले आयुक्त असलेली वेगळी संस्था असते. डिस्ट्रिक्टचा फायदा असा की आगीचा पैसा गटारावर खर्च होत नाही. तोटा असा की त्या निवडणुकीला मतदार फारसे फिरकत नाहीत, आणि मग पाच-दहा घरांचीच सत्ता चालते. स्वयंसेवक घेणार असाल तर विमा, जखमी झाल्यास भरपाई आणि कामावरून सुटण्याची मालकाची परवानगी, या तीन गोष्टी ठरावाच्या दिवशीच लिहून घ्या. नंतर कुणी लिहीत नाही.

पगारी दल ठेवायचं तर आधी साधं गणित करा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचा कामाचा आठवडा ४८ तासांचा धरला तर गाडीवरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून चारच्या वर. एका गाडीवर चार जण हवेत म्हटलं तर सतरा-अठरा माणसांची पदं मंजूर व्हायला हवीत, एका गाडीला! गाडी अनुदानातून येते, फीत कापली जाते, फोटो निघतात. पदांसाठी अनुदान सहसा नसतं. म्हणून गाडी उभी आणि रात्रीच्या पाळीला एक चालक आणि एक जवान, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. सभेत गाडीचा विषय आला की आधी आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, मागा. तो देता येत नसेल तर गाडी घेऊ नका.

तपासणीचं काम दलाकडे राहणारच. महाराष्ट्रात इमारतीच्या मालकाला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ना-हरकत दाखला देणारा, तपासणी करणारा आणि नोटीस काढणारा एकच अधिकारी असला तर तिथे काय होतं हे मी सांगायला नको. निदान अपिलाचा अधिकारी वेगळा असावा, आणि पालिकेच्या स्वतःच्या इमारतींचीही तपासणी होऊन अहवाल सभेपुढे यावा. सगळ्यात जास्त कानाडोळा तिथेच होतो.

आता शेजारच्या शहराबद्दल. स्वतःचं दल झालं म्हणून ते नातं तोडू नका; उलट आजवर तोंडी चालत आलेलं कागदावर आणा. बोलावणं कोणी करायचं, त्यांच्या गाड्या आल्यावर हुकूम कोणाचा, इंधन आणि फुटलेला होज कोणाच्या खर्चाने, आणि त्यांचा माणूस आपल्या हद्दीत जखमी झाला तर भरपाई कोण देणार, एवढं करारात हवं. शिवाय कपलिंग, म्हणजे होज (पाण्याचा पाइप) जोडायची तोंडं, जुळतात का ते प्रत्यक्ष जोडून पाहा. १९०४च्या फेब्रुवारीत बाल्टिमोरला आग लागली तेव्हा इतर शहरांतून मदत धावून आली, पण अनेकांचे होज तिथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या अग्निशमनाच्या नळाला, बसेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. खरेदीची निविदा निघण्याआधी शेजारच्या केंद्रात जाऊन त्यांचं कपलिंग कोणत्या मापाचं आणि कोणत्या प्रकारचं आहे ते लिहून आणा, आणि तेच माप निविदेत टाका.