ज्येष्ठ नागरिकांसाठी एसटीचा मोफत पास कोठे काढावा लागतो?

आपण विचारले आहे की, परभणी जिल्ह्यातील गावी राहणारे आपले वडील ७४ वर्षांचे आणि आई ६७ वर्षांची आहे, त्यांच्यासाठी एसटीचा मोफत किंवा सवलतीचा पास कोठे काढावा, आधार कार्डावर वडिलांचे वय पाच वर्षांनी कमी लागले आहे त्याचे काय करावे, आणि निजामाबादला दिलेल्या बहिणीकडे जाताना ही सवलत शेवटपर्यंत चालेल का. मीही त्याच जिल्ह्यातला, जिंतूर तालुक्यातला आहे आणि हे सगळे माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या बाबतीत एकेक करून निस्तरलेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, ज्येष्ठांच्या सवलतीसाठी पास काढण्याची पद्धतच नाही. हा शब्द आपल्या घरांत शाळेच्या मुलांमुळे रुळला आहे. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास, मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास, वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालणारा नोकरदारांचा मासिक पास, हे सगळे आगारातून रीतसर काढून आणावे लागतात. ज्येष्ठांचे तसे नाही. गाडीत बसल्यावर वयाचा मूळ पुरावा दाखवायचा, वाहक यंत्रावर सवलतीचा प्रकार निवडतो आणि तिकीट हातात देतो, एवढेच ते काम आहे. हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने "पास काढून देतो" असे सांगून अण्णांकडून तीनशे रुपये घेतले आणि आधार कार्डाचीच रंगीत प्रत प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या हातावर ठेवली. अण्णा ती कित्येक दिवस पास म्हणून जपत होते. आपल्या आईवडिलांना हे आजच फोन करून सांगा.

महामंडळाने २०१९ मध्ये सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणले होते आणि ते घेण्याची मुदत नंतर वारंवार वाढवत न्यावी लागली, हे खरे आहे. त्यामुळे कार्डाबाबत सध्या काय लागू आहे, एवढे एकच आगारातील चौकशी खिडकीवर विचारून घ्यावे, आणि कार्ड काढायचेच झाले तर ते आगारात किंवा आगाराने सांगितलेल्या ठिकाणीच काढावे.

आता सवलत किती ते पाहू. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ७५ पूर्ण होईपर्यंत अर्धे तिकीट लागते. ज्यांची ७५ वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली राज्यात कोठेही विनामूल्य प्रवास करता येतो. यात फक्त लाल गाडी येते असा पुष्कळांचा समज आहे, परंतु निमआराम आणि शिवशाही यांसारख्या गाड्याही त्यात आहेत. पुरावा म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना किंवा पारपत्र यांपैकी काहीही चालते. शहर बससेवांचे नियम त्या त्या शहराचे असतात, त्यांची यात गल्लत करू नये. आपल्या आईला तर १७ मार्च २०२३ पासून महिला म्हणूनच अर्धे तिकीट आहे. त्यासाठी वय दाखवावे लागत नाही. मात्र महिला आणि ज्येष्ठ अशा दोन सवलती एकावर एक मिळून पाव तिकीट होत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वयाचा प्रश्न ७५ पूर्ण झाल्यावरच येईल.

खरा पेच आपल्या वडिलांच्या आधार कार्डाचा आहे, आणि तो एकट्या त्यांचा नाही. आपल्याकडे त्या पिढीची जन्मतारीख कागदावर नव्हती, ती माणसांच्या बोलण्यात होती. रझाकारीत, म्हणजे १९४७-४८ मधील निजामाच्या रझाकारांच्या जुलमात, कोण पाळण्यात होते, १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी कोण रांगत होते, बाहत्तरच्या दुष्काळात कोणाचे लग्न झाले, या खुणांवर वय मोजले जाई. आजी सांगायची की, रझाकारांच्या भीतीने रात्री गाव सोडले तेव्हा अण्णा तिच्या कडेवर होते आणि त्यांनी रडू नये म्हणून तिने त्यांच्या तोंडात गूळ धरला होता. म्हणजे अण्णांचा जन्म १९४६ च्या सुमाराचा. पुढे गावात आधारची नोंदणी झाली तेव्हा जवळ दाखला नव्हता. अशा वेळी अंदाजे वय लिहिले जाते आणि कार्डावर तारखेऐवजी नुसते जन्मवर्ष छापले जाते. अण्णांच्या कार्डावर १९५३ आले. तोवर कोणाचे काही अडले नव्हते, म्हणून आम्हीही ते नीट पाहिले नाही. २०२२ मध्ये मोफत प्रवास सुरू झाला, आणि शहात्तर वर्षांचा माणूस कागदावर एकोणसत्तर वर्षांचा निघाला. वाहकाने अर्धे तिकीट लावले. तो बरोबरच होता, कारण त्याच्यापुढे जो कागद होता त्यावरच त्याला चालायचे होते.

म्हणून सर्वांत आधी घरातील सगळी ओळखपत्रे एका जागी आणून त्यांच्यावरील वये ताडून पाहा. आमच्याकडे ट्रंकेच्या तळाशी अण्णांचे जुने मतदार ओळखपत्र सापडले. कडांना पिवळे पडलेले, फोटो अर्धा पुसट, पण त्यावर "१.१.१९९५ रोजी वय ४८" हे अक्षर स्वच्छ होते. पुढच्या खेपेला जिंतूरहून परभणीला जाताना अण्णांनी ते पुढे केले. वाहकाने कार्ड खिडकीच्या उजेडात धरले, बोटांवर हिशेब केला, आणि "बाबा, तुम्हाला तिकीट नाही" असे म्हणत यंत्रातून तिकीट काढून दिले. अण्णांनी सवयीने पन्नासची नोट पुढे केली होती. ती त्याने त्यांच्याच मुठीत परत बंद केली. आपल्या वडिलांच्या नावे असे खरे वय असणारे एखादे जुने ओळखपत्र असेल तर ते तेवढ्यापुरते उपयोगी पडेल. तरीही दोन कार्डांवर दोन वये ठेवून राहू नये. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन असो, बँक असो, कोठेतरी ते आडवे येतेच.

दुरुस्तीसाठी आधार सेवा केंद्रात मूळ दाखला घेऊन स्वतः जावे लागते. जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे पक्का कागद हाती येईपर्यंत घाई करू नका. वडील थोडेही शाळेत गेलेले असतील तर जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा मागावा. दुसरीतून शाळा सोडली असेल तरी नोंदवहीत नाव राहते. शाळेचा मार्ग नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला जुने लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्माची नोंद सापडते का ते पाहावे. त्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नावच नसते, फक्त बापाचे नाव आणि "मुलगा" एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी भावंडांचा क्रम सांगणारे घरातील वडीलधारे माणूस सोबत न्यावे. जो कागद मिळेल तो केंद्रात आधी दाखवून, तो चालतो का हे विचारूनच अर्ज भरावा. आमचे काम शाळेच्या उताऱ्यावरून झाले. मुख्याध्यापिका बाईंनी तीन कपाटे रिकामी करून ती वही शोधली, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. येथे आणखी एक सांगतो: सवलतीसाठी खोटे वय वाढवून घेऊ नका, आणि तसे करून देणाऱ्याच्या नादीही लागू नका. ती सरळ फसवणूक आहे, आणि तिच्यामुळे खऱ्या वयाच्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते.

मोफत प्रवासातही तिकीट घ्यायचेच असते. ते शून्य रुपयांचे असते आणि उतरेपर्यंत जपून ठेवायचे असते, कारण तपासणी पथक आले तर तोच पुरावा आहे. अण्णांना आधी वाटायचे की, पैसेच नाहीत तर कागद कशाला. पण सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते, आणि ती अशा नोंदलेल्या तिकिटांच्या हिशेबावरच मागितली जाते. आमच्या गावाला दिवसातून मोजक्या फेऱ्या येतात आणि त्यांत निम्म्या जागी म्हातारी माणसेच असतात. ती माणसे नोंदीतच आली नाहीत तर गाडी रिकामी धावते असे दिसेल, आणि रिकामी दिसणारी फेरीच आधी बंद होते. म्हणून मी गावात प्रत्येकाला तिकीट मागून घ्यायला सांगतो.

निजामाबादच्या प्रवासाचे असे आहे की, एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. गाडी बिलोलीच्या पुढे तेलंगणात शिरली की उरलेल्या अंतराचे पूर्ण भाडे द्यावे लागते. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून महिलांना तेथील महामंडळाच्या साध्या आणि एक्स्प्रेस गाड्यांत मोफत प्रवास आहे, परंतु तो तेथील रहिवासी महिलांसाठी आहे. आपल्या बहिणीला तो मिळेल, आईला मिळणार नाही.

रेल्वेत पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत होती. ती २० मार्च २०२० पासून बंद आहे, हे आपल्या वडिलांना सांगावे लागेल, कारण जुन्या माणसांना ती अजून आठवते आणि खिडकीवर उगाच वाद होतो. दिव्यांगांच्या काही प्रवर्गांची आणि कर्करोगासारख्या काही आजारांच्या रुग्णांची सवलत मात्र चालू आहे. ज्येष्ठांची सवलत नसली तरी नांदेडहून मुदखेड, धर्माबाद, बासर या मार्गाने निजामाबादला जाणारी साधी गाडी वेळेला जमत असेल तर तीच धरावी असे मी सुचवीन. भाडे कमी लागते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला डब्यात उठून चार पावले टाकता येतात.

वडील पुढच्या वर्षी ७५ पूर्ण करतील. उतारा शोधणे, केंद्राची वेळ मिळणे, अर्ज परत आला तर पुन्हा जाणे, यांत महिने जातात. आमचे जवळजवळ पाच महिने गेले. म्हणून शाळेत चौकशी या महिन्यातच करा, आणि ती सुट्ट्या लागण्यापूर्वी करा, कारण सुट्टीत वही असलेल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यातच आमचा एक आठवडा गेला होता.