इंग्लंडमध्ये बागेतलं हर्मन जातीचं, जमिनीवर राहणारं कासव पावसात बाहेर राहू द्यावं का?

उन्हाळ्यातली एखादी सर असेल तर खुशाल राहू द्या, पण गारठा आणि ओल एकत्र आली की लगेच आत घ्या. कासव उन्हात शेकूनच तापतं. दिवसभर ढगाळ आणि ओलं राहिलं तर ते खाणं सोडतं, खाल्लेलं पचत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. हर्मन मूळचं भूमध्य सागराकाठचं, तिथला उन्हाळा कोरडा. आमच्याकडे हेच कासव आहे. दिवसभर पारा १५ अंशांच्या खाली राहणार असेल तर आम्ही त्याला बाहेर सोडतच नाही.

बागेत त्याला विटांवर उचललेलं, वर छप्पर असलेलं लाकडी खोकं द्या. आतली माती रोज हाताने चाचपून बघा, कारण सतत ओलीवर बसलं की पोटाकडचं कवच कुजायला लागतं. पाणी साचणारे खळगेही बुजवा, उताणं पडलेलं कासव उथळ पाण्यातही बुडतं. नाकाशी बुडबुडे दिसले किंवा ते तोंड उघडून श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या.

हे सगळं हर्मनपुरतं. सुलकाटा किंवा लेपर्ड या आफ्रिकी कासवांना जास्त ऊब लागते, त्यांना थंड पावसात मुळीच ठेवू नका.